नवाखालची रेघ

"साहेब, आज ती पाटी काढून ठेवा."

बिरादारकाका हे इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला आधी वाटलं, त्यांना चहाचा कप ठेवायला जागा हवी आहे. पाटी म्हणजे 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे' असं लिहिलेली, एका कोपऱ्यात गंजलेली पत्र्याची पाटी. धरणाच्या काठाला नवीन पाट्या लागल्या तेव्हा ही जुनी मी उचलून आणली होती. दर रविवारी दुपारी क्लबच्या खोलीत ती मी टेबलावर स्वतःसमोर उभी करायचो आणि तिच्याआड फासे टाकायचो. पलीकडे तिघं जण बसून मी काय आकडा सांगतो याची वाट बघायचे.

"पाटी काढून कसं चालेल, काका?" मी म्हणालो. "सूत्रधाराचे फासे झाकलेलेच असतात. नियम आहे तसा."

"नियम तुम्हीच लिहिलाव."

"म्हणूनच तर."

सिस्टर भिंगारदिवे हसल्या. मुजावर सर शेंगा सोलत होते, तेही हसले. काका हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक लांबट, काळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि पाटीच्या शेजारी ठेवली.

सत्याण्णव सालचा नोव्हेंबर होता. काका आदल्या दिवशी निवृत्त झाले होते. नारळ, शाल, दोन भाषणं आणि बालूशाही असा सगळा कार्यक्रम झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते लातूरला मुलाकडे जायचे होते, कायमचे. म्हणजे त्यांचा हा आमच्याबरोबरचा शेवटचा रविवार. मी त्यासाठी आठवडाभर एक झकास लढाई रचली होती आणि ते पहिल्याच मिनिटाला पाटी काढा म्हणत होते. मला रागच आला.

धरण बांधून बारा वर्षं झाली होती. काम संपलं तशी वसाहत ओसरत गेली. बहात्तर क्वार्टर्स, त्यातली सतरा भरलेली. संध्याकाळी फिरायला निघालो की मी दिवे लागलेल्या खिडक्या मोजायचो. एखाद्या महिन्यात सोळा भरायच्या आणि मग समजायचं की अमक्याची बदली झाली. मी सव्वीस वर्षांचा, कनिष्ठ अभियंता, लग्न व्हायचं होतं. आईचं पत्र पंधरा दिवसांनी यायचं. ऑफिस सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी ऑफिस भरेपर्यंत माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे खानावळीचे पाटील, आणि ते "अजून वाढू का" याच्यापलीकडे जात नसत.

त्या एकटेपणावर मी हा खेळ शोधला. हॉस्टेलला असताना एका सीनियरकडून इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स मिळाली होती. चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, सूत्रधाराने गोष्ट सांगायची, आणि "आता तुम्ही काय करता?" असं विचारायचं. गोष्टीत लढाई झाली की फासे. माझ्या झेरॉक्समध्ये नेमकं लढाईचं प्रकरण गायब होतं, म्हणून ते मी मराठीत स्वतः लिहिलं, जुन्या निळ्या नकाशांच्या कोऱ्या बाजूला. घाव घालणाऱ्याने वीस तोंडांचा फासा टाकायचा. समोरच्याचं कवच जितकं असेल तितकं किंवा त्याहून जास्त दान पडलं तर घाव लागला. मग साधा सहा ठिपक्यांचा फासा. जितके ठिपके, तितका दम गेला. दम संपला की माणूस मेला. आणि मेला तो मेला, नवीन सोंग घेऊन परत यायचं नाही, असं मीच मोठ्या ऐटीत लिहून ठेवलं होतं. वीस तोंडांचा निळा फासा आख्ख्या तालुक्यात एकच होता आणि तो माझ्याकडे होता.

क्लबच्या खोलीत एक दिवस मी एकटाच ते कागद पसरून बसलो असताना मुजावर सर डोकावले. वसाहतीच्या शाळेत ते मराठी शिकवायचे. शाळेत मुलं उरली होती नऊ. "आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं," ते म्हणाले, "मला चोर करा." दुसऱ्या रविवारी त्यांनी दवाखान्याच्या सिस्टरना आणलं. सिस्टर मूळच्या नगरच्या, पन्नाशीच्या, कडक. त्यांनी तिरंदाज मागितला. "आठवडाभर जवळून टोचते, रविवारी लांबून टोचू द्या." आणि तिसऱ्या रविवारी दारात बिरादारकाका उभे होते, टोपी हातात घेऊन.

काका गेज रीडर होते. धरणाच्या भिंतीवर आकडे रंगवलेली पट्टी असते, तिच्यावर पाणी कुठवर आलं ते वाचायचं आणि नोंदवायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं, इथे आणि आधी दुसऱ्या एका धरणावर. एरवी दिवसातून दोनदा, पुराच्या दिवसांत दर तासाला. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. त्यांनी नावाडी मागितला. तीस वर्षं पाण्याकडे बघितलं पण होडीत कधी बसले नव्हते. नावाड्याचं नाव त्यांनी भैरू ठेवलं आणि तलवार नको म्हणाले, वल्ह्यानेच मारीन म्हणाले. दीड वर्ष भैरूने वल्ह्याने जे जे समोर येईल ते बडवून काढलं होतं.

"हे काय आहे?" मी वहीकडे बोट दाखवून विचारलं.

"वाचनं," काका म्हणाले. "सवय हो, साहेब. आकडा ऐकला की हात लिहितो."

त्यांनी वही उघडली. दीड वर्षातला प्रत्येक रविवार. तारीख, कोणी फासा टाकला, किती पडला. अक्षर सुबक. काही आकड्यांभोवती पेन्सिलीने बारीक वर्तुळ होतं. ते वर्तुळ मला ओळखीचं होतं, कारण ऑफिसच्या रजिस्टरातही ते असायचं. लाटा असल्या, अंधार असला, पट्टीवर शेवाळ चढलं असलं की वाचन खोडायचं नाही, पण त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं. म्हणजे वरच्या साहेबाला कळतं की हे वाचन शंकेचं आहे. ज्याने वाचलं किंवा ज्याने ऐकून लिहिलं, त्यानेच ते काढायचं. दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही.

"बारा वर्तुळं हायेत," काका म्हणाले. "आमच्यापैकी कुनाचा तरी दम संपत आला होता आन तुम्ही पाटीमागं फासा टाकलाव, असं बारा वेळा झालं. बाराच्या बारा वेळा घाव हुकला."

"नशीब म्हणायचं," मी म्हणालो.

"नशीबच म्हणलो असतो. पण आकडे बघा की. नऊ, अकरा, आठ, नऊ, दहा, नऊ..." ते बोट फिरवत गेले. "एक न्हाई, दोन न्हाई, तेरा बी न्हाई. जवळून हुकलं असं एकदा बी झालं न्हाई, लई लांबून हुकलं असं बी न्हाई. आमच्याकडं एक पोरगं होतं, पावसात जायचं कंटाळा करायचं आन घरी बसून आकडे लिहायचं. त्याचं पाणी असंच चढायचं, निवांत. खरं पाणी असं चढत न्हाई, साहेब. ते अंगावर येतंय न्हाईतर दोन दिवस हलत न्हाई."

पकडलो गेलो होतो. तेही कोणाकडून, तर ज्याने तीस वर्षं खऱ्या-खोट्या आकड्यांत काढली त्याच्याकडून. मला हे आधी सुचायला हवं होतं. गेज रीडरसमोर बसून मी आकडे शिजवत होतो, आणि दर रविवारी खोलीवर परत जाताना स्वतःवर खूशही होत होतो.

"अहो काका, मग काय झालं?" सिस्टर म्हणाल्या. "वाचवलंच ना त्यांनी आपल्याला? मला तर पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्यांचा चेहरा लपतोय होय!"

"मलाही," मुजावर सर शेंगेचं टरफल बाजूला टाकत म्हणाले. "खेळ आहे की हो. आपल्याला कुठं पदक मिळणार आहे."

"खेळ हाय म्हणून तर मागूलालो," काका म्हणाले. "बाकी कुठं मागू?"

खोटं मी का बोलत होतो ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही, पण इथे सांगतो. माणूस मेला तर तो मेला, हा नियम मी लिहिला, आणि लिहिल्यावर घाबरलो. सिस्टरचा तिरंदाज मेला तर सिस्टर रविवारी कशाला येतील? कपडे धुतील, पत्रं लिहितील. मग सर येणार नाहीत. मग रविवारही इतर सहा दिवसांसारखा होईल. पाटीमागे फासा पंधरा दाखवायचा, सतरा दाखवायचा, आणि माझ्या तोंडातून नऊ निघायचं. नऊ माझा लाडका आकडा होता. तो उच्चारायलाही सोपा आहे.

"ठीक आहे," मी म्हणालो आणि पाटी उचलून भिंतीला टेकवून ठेवली. तिच्याशिवाय टेबल एकदम मोठं दिसायला लागलं.

लढाई मी रचली होती ती एका खिंडीतली. खिंडीच्या तोंडाशी दगडाचा राखणदार. तो पडला की पलीकडे समुद्र, आणि भैरूला समुद्र बघायचा होता. दीड वर्ष आम्ही त्यासाठीच चाललो होतो. माझा बेत असा होता की काकांना समुद्र दाखवायचा, होडी द्यायची, आणि भैरू होडीत बसून निघून जातो असा शेवट करायचा. छान शेवट होता. पाटी असती तर तो हमखास झाला असता.

उघडे फासे काय असतात ते मग आम्हाला कळलं. पहिल्याच फेरीत राखणदाराचे एकोणीस पडले आणि सिस्टरच्या तिरंदाजाचा निम्मा दम गेला. सिस्टर सावरून बसल्या. सरांच्या चोराने मागून घाव घातला, पडले दोन. भैरूने वल्हं हाणलं, पडले सोळा, दगडाचा टवका उडाला. सर ओरडले, मी ओरडलो. खरं सांगायचं तर दीड वर्षात इतकी मजा आली नव्हती. कोणाला काय पडेल ते मलाही माहीत नव्हतं आणि पहिल्यांदाच मी त्यांच्याबरोबर खेळत होतो, त्यांना खेळवत नव्हतो.

तासाभराने चित्र असं होतं: सिस्टर आणि सर खिंडीतून निसटून पलीकडे पोचलेले. भैरू राखणदारासमोर एकटा, दम उरलेला एक. कवच चौदा. राखणदाराची पाळी. चौदा किंवा वर पडले की भैरू संपला. तेरापर्यंत पडले तर पुढच्या पाळीत तो पळून समुद्राकडे जाऊ शकत होता.

मी फासा हातात घेतला.

"थांबा जरा," काका म्हणाले. त्यांनी पेन्सिल वहीवर ठेवली. "आमचं मंडळ लातूरला दवाखान्यात होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. मग टाका."

बायकोबद्दल ते कधी बोलत नसत.

"किडनीचं दुखणं. इथं ऐन पूर, दर तासाला वाचन, माझ्या बदली माणूस न्हाई. मुलगा म्हणला, बाबा, तुम्ही राहा, मी हाय. मी रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन एसटीडीवरनं फोन करायचो. पोरगं मला रक्तातला आकडा सांगायचं. मी ह्याच वहीत लिहायचो, मागल्या पानावर. सहा, पावणेसहा, साडेपाच, सव्वापाच. रोज थोडं थोडं उतरूलालं होतं. मी म्हणलो, बरं हाय, पूर उतरला की जाऊ."

त्यांनी वही उलटी केली, पण उघडली नाही.

"अकराव्या दिवशी वायरलेसवर निरोप आला. मी पोचलो तेव्हा सगळं झालेलं. मुलगा रडला. म्हणला, आकडा पहिल्या दिवसापासनं चढतच होता, तुम्हाला त्रास नको म्हणून सांगितलं न्हाई. तीस वर्षं आकडे वाचलो, साहेब. आन त्या आकड्यांकडं बघून मला कळलं न्हाई. निवांत उतरणारं पाणी. कळायला पाहिजे होतं. कळलं असतं तर धरण गेलं उडत, मी गेलो असतो. तिच्याजवळ बसलो असतो."

सिस्टरनी पदर तोंडाला लावला. सरांचे हात शेंगांवर थांबले.

"मुलगा चांगला हाय. उद्या त्याच्याकडंच चाललो. तिथं बी ते मला सांभाळंल, सून सांभाळंल, सगळं बरं हाय म्हणतील. म्हणून इथं मागूलालो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला वाचवू नका, साहेब. मला सांगा. काय पडलं ते एकदा सांगा."

"सांगतो, काका," मी म्हणालो. आणि ते मी मनापासून म्हणालो होतो.

मी फासा टाकला. जोर जरा जास्तच लागला. फासा सरांच्या शेंगांच्या ताटलीला आपटला, उडाला, खाली पडला आणि घरंगळत भिंतीकडच्या लोखंडी कपाटाखाली गेला. कपाटात जुने नकाशे आणि कोणे एके काळी क्रिकेटमध्ये जिंकलेले दोन कप होते.

"पुन्हा टाका," सिस्टर म्हणाल्या.

"न्हाई," काका म्हणाले. "जिथं पडला तिथं वाचायचा. आपला ठराव हाय."

होता. त्यांनीच सुचवलेला. पाणी जिथे आहे तिथे वाचायचं असतं, उचलून आणून नाही. काकांचे गुडघे गेलेले, सरांचं पोट त्यांना वाकू देत नव्हतं, सिस्टर इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. मी काकांच्या पिशवीतली बॅटरी घेतली आणि फरशीवर पालथा झालो.

कपाटाखाली धूळ होती, एक मेलेलं झुरळ होतं, कॅरमची हरवलेली सोंगटी होती. भिंतीला लागून फासा. मी उजेड टाकला. नऊ.

सहा आणि नवाचा घोळ होऊ नये म्हणून त्या फाशावर नवाखाली एक बारीक रेघ असते. ती रेघसुद्धा मला स्वच्छ दिसत होती. चौदाच्या खाली. घाव हुकला होता. भैरू जिवंत होता, कोणाच्या मेहेरबानीशिवाय, चोख. समुद्र त्याच्यासमोर होता.

मी तोंड उघडलं आणि तो शब्द जिभेवर आला, आणि माझा मलाच तो ऐकू आला. नऊ. वहीतल्या बारा वर्तुळांपैकी पाचांत हाच आकडा होता. पाटी काढली, काकांनी बायकोची गोष्ट सांगितली, मी वचन दिलं, आणि आता ज्या एका ठिकाणी माझ्याशिवाय कोणी बघू शकत नाही तिथून मी सांगणार: नऊ. कोण विश्वास ठेवील? मीच ठेवला नसता. काका काही बोलणार नाहीत. पेन्सिल उचलतील, नऊ लिहितील, त्याच्याभोवती तेरावं वर्तुळ काढतील आणि उद्या सकाळी एसटीत बसतील. इथेही कोणी खरं सांगितलं नाही, एवढंच बरोबर घेऊन.

"किती?" वरून काकांचा आवाज आला.

"अठरा," मी म्हणालो.

फासा मुठीत घेऊन मी बाहेर आलो. शर्टाला धूळ लागली होती, ती झटकत बसलो, म्हणजे वर बघावं लागू नये.

काकांनी एक मोठा श्वास सोडला. असा श्वास मी त्यांना दीड वर्षात सोडताना ऐकला नव्हता.

"अठरा," ते म्हणाले. "लागला म्हणायचा."

"लागला, काका."

"चला. झालं." आणि ते हसले. चेहऱ्यावरून हात फिरवला तेव्हा डोळे ओले होते, पण हसत होते. "सांगितलाव साहेब तुम्ही. तोंड एवढंसं झालं तुमचं, पण सांगितलाव."

आमच्यात एक रीत होती, कधी वापरायची वेळ आली नव्हती: ज्याचा माणूस मरेल त्याने त्याचा शेवट स्वतः सांगायचा. काकांनी सांगितला. फार थोडक्यात. भैरू खाली पडला, त्याचं वल्हं घरंगळत उताराने समुद्राकडे गेलं, आणि त्याला पाण्याचा आवाज ऐकू येत होता. "भरती होती का ओहोटी ते त्याला कळलं न्हाई," काका म्हणाले. "पट्टी नव्हती तिथं." सिस्टर उघडपणे रडत होत्या. सर म्हणाले, "वा, काका."

मग काकांनी वहीत लिहिलं. तारीख, राखणदार, अठरा. आणि वही माझ्यापुढे सरकवली. "सही करा. शेवटचं वाचन साहेबाच्या सहीचं असतंय."

मी सही केली. वही त्यांनी परत घेतली नाही. "राहू द्या तुमच्याकडं. लातूरला कोन बघनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉपवर मी गेलो होतो. ट्रंक, वळकटी, शाल. एसटी आली. पायरीवर पाय ठेवताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बरं वाटलं, साहेब." मी सांगू शकलो असतो. कंडक्टर घाई करत होता, पण दोन वाक्यांना किती वेळ लागतो? नाही सांगितलं. त्यांचा चेहरा इतका मोकळा होता की माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं जमलो. पाटी मी उभी केली नाही. सरांनी शेंगा आणल्या होत्या, त्या खाल्ल्या, कागद कोणी काढले नाहीत. जानेवारीत शाळा बंद झाली आणि सर कोल्हापूरकडे गेले. मार्चमध्ये सिस्टरना बदली मिळाली. चौदा खिडक्या, मग अकरा. मी अजून दोन वर्षं होतो. काही रविवारी दुपारी क्लबच्या खोलीत जाऊन मी एकटाच निळा फासा टाकायचो. जे पडेल ते मोठ्याने वाचायचो. ऐकायला कोणी नसलं की खरं बोलणं फार सोपं असतं.

काकांची दोन पोस्टकार्डं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं की मुलाशी आता बोलणं होतं, त्या अकरा दिवसांबद्दलसुद्धा. 'तुमच्या अठराची गोष्ट त्याला सांगितली.' त्यावर मी काय उत्तर लिहिलं ते आठवत नाही. तब्येतीची काळजी घ्या वगैरे लिहिलं असेल. दोन हजार नऊ साली ते गेल्याचं मुलाने कळवलं. सिस्टरही गेल्या आहेत. सरांचा पत्ता नाही.

इतकी वर्षं मी स्वतःशी वाद घालत आलो आहे. कपाट रिकामंच होतं म्हणायचं, दोन कप आणि कागद. "सरकवा हो कपाट, तुम्हीच बघा," एवढंच म्हणायचं होतं. चौघांनी मिळून ते हातभर सरकलं असतं. काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी नऊ वाचले असते, खालची रेघसुद्धा. भैरू जगला असता, मीही खरा ठरलो असतो. हे मला सुचलं नाही. दीड वर्ष पाटीमागे बसून मला एकट्यानेच आकडा बघायची सवय लागली होती.

गेल्या वर्षी घर बदलताना वही हाताला लागली. मी सगळी पानं बघितली. त्या बारा वर्तुळांपैकी दोन वेळा फासा खरोखरच कमी पडला होता, मला पक्कं आठवतं. एकदा आठ, एकदा नऊ. त्यांच्याभोवतीही वर्तुळ आहे. काकांनी ते काढलं आणि त्यात त्यांची काही चूक नाही. शेवटच्या पानावर अठरा आहे. खाली माझी सही. त्याच्याभोवती काही नाही. स्वच्छ.

ते वाचन मीच केलं होतं, तेव्हा वर्तुळ काढायचा हक्क माझाच. मी पेन्सिल शोधली, टोक केलं, वही खिडकीपाशी उजेडात नेली. मग तशीच मिटून ठेवली. वर्तुळ काढलं की भैरू जिवंत होतो, आणि तो जिवंत आहे हे ज्याला सांगायचं तो माणूस आता नाही.